नव्यानं आधी बोलायचं

लटारूभाऊच्या टोळीत एक रीत होती. खाणीत बारूद उडाली, धूर निवला, की पुढं जाण्याआधी डोक्यावरचं छत ठोकून पाहायचं, आणि त्याबद्दल आधी टोळीतल्या सगळ्यात नव्या माणसानं बोलायचं. चांगलं की वाईट, एवढंच. तो बोलेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. मग त्याच्याहून जुना, मग त्याच्याहून जुना, आणि सगळ्यात शेवटी लटारूभाऊ, प्रत्येकानं स्वतः ठोकून. एकतीस वर्षं जमिनीखाली काढलेला तो माणूस आपली पाळी येईपर्यंत सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, टेकून मुकाट उभा राहायचा.

घुग्घुसच्या बाजूच्या त्या खाणीत बाकीच्या टोळ्या याला हसत. म्हणत, लटारूच्या टोळीत नवरदेवाआधी वऱ्हाडच मुंडावळ्या बांधते. लटारूभाऊ हसणाऱ्याला उत्तर देत नसे. टोळीचं काम पाहायला आलेल्या दामिनीनं मात्र विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं होतं, “मोठा आधी बोलला का नवा खाली मान हलवते. मान हलवून हलवून त्याची मानच तयार होते, कान नाई होत.”

दामिनीनं ते वाक्य त्याच दिवशी वहीत उतरवलं. तिनं वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात ही रीत नव्हती.

दामिनी मूल गावाकडची, ढिवराची पोर. बाप उमाजी गावच्या तलावात जाळं टाकायचा, आई चंदाबाई टोपली डोक्यावर घेऊन बाजार करायची. त्या घरातून ती चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्राध्यापक झाली. मुलांना मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवायची. सहा वर्षं झाली तरी नोकरी तात्पुरतीच होती. दर जूनला नेमणुकीचा नवा आदेश निघायचा, आणि पीएच.डी. झाल्याशिवाय कायम करणार नाही, असं संस्थेनं सांगून ठेवलं होतं. तिनं विषय घेतला तो माणसं कामावर शिकतात कशी, हा. सुट्टीत घरी गेली की उमाजी जाळ्याच्या गाठी मारता मारता विचारायचा, “मासा पोहाले कसा शिकते, हे पाहाले बी सरकार पगार देते का वो बाई?” ती म्हणायची, पगार नाही, पदवी देते. मग तो म्हणायचा की पदवीचं कालवण होत असेल तर थोडं इकडेही धाड.

खाणीत खाली उतरायची परवानगी मिळवायला दीड वर्ष गेलं. बाईमाणसानं जमिनीखाली काम करायला कायद्यानं मनाई होती. दामिनी काम करणार नव्हती, नुसतं पाहणार होती, हे पटवायला तिनं किती कागद केले याची गणती नाही. शेवटी चाळीस दिवसांची परवानगी आली. अट एकच होती. पाहायचं, लिहायचं, कामात पडायचं नाही. एकोणीसशे नव्याण्णवच्या पौषात ती डोक्याला टोपी, टोपीला दिवा, पायात मापापेक्षा मोठे बूट अशी पहिल्यांदा उताराच्या वाटेनं खाली गेली.

टोळीत तेव्हा सगळ्यात नवा होता सुकलू. नवा म्हणजे कोवळा नव्हे. चाळिशी उलटलेला, कापसाची शेती केलेला माणूस. त्याचं वावर खाणीत गेलं आणि त्या बदल्यात त्याला खाणीतलीच नोकरी मिळाली. आपल्याच वावराखाली आपण चालतो, याची त्याला पहिले काही दिवस फार लाज वाटायची, असं तो सांगायचा. मुखरू नावाचा आणखी एक जण होता, तो लाकडं वाहायचा.

सुकलूला लटारूभाऊ शिकवायचा ते दामिनी शेजारी उभी राहून पाहायची. उजव्या हातात सब्बल, आणि डाव्या हाताचा तळवा छताला टेकवलेला. सब्बलीनं ठोकायचं. छत धड असेल तर आवाज खणखणीत येतो. सुटलेलं असेल तर भद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. पण लटारूभाऊ म्हणायचा की कानावर सगळं सोडू नका. जाड शिळा सुटली तर ती खणखणीतच बोलते, खोटं बोलते. तेव्हा तळव्याखाली ती थरथरते. कान फसतो, तळवा फसत नाही.

दामिनीनं वहीत रकाने आखले होते. जागा, वेळ, नवा काय म्हणाला, मुखरू काय म्हणाला, लटारूभाऊ काय म्हणाला. नव्याचं आणि लटारूभाऊचं जुळलं की ती बरोबरची खूण करायची. पहिल्या आठवड्यात सुकलूच्या दहापैकी चार खुणा जुळल्या, तिसऱ्या आठवड्यात सात. माणूस शिकताना डोळ्यांना दिसतो, हे तिला पहिल्यांदा कळलं. सुरेंद्र सर तिचे मार्गदर्शक होते. त्यांना तिनं रकाने दाखवले तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, यावर तुझी पदवी उभी राहील.

पण ऐकणाऱ्याचा कानही तयार होत असतो. महिनाभरानं दामिनी मनातल्या मनात आपला निकाल देऊ लागली. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक टिंब काढायची. वरचं टिंब म्हणजे चांगलं, खालचं म्हणजे वाईट. हा खेळ तिनं कोणाला सांगितला नाही. सलग अकरा वेळा तिचं टिंब लटारूभाऊच्या निकालाशी जुळलं. त्या दिवशी ती वर आली तेव्हा तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं. एका हातात वही आणि दुसऱ्यात पेन्सिल असल्यानं आपला तळवा छताला एकदाही लागलेला नाही, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

छत्तिसाव्या दिवशी ते घडलं.

जेवणानंतरची वेळ होती. बारूद उडून गेली होती. मुखरू लाकूड आणायला मागं गेला होता आणि लटारूभाऊ खांद्यावर टेकूचं लाकूड घेऊन येत होता, वीसेक पावलं मागं. सुकलूनं छत ठोकलं. आवाज खणखणीत आला. तो काही बोलला नाही. तळवा तसाच ठेवून त्यानं पुन्हा ठोकलं. पुन्हा खणखणीत. तरी तो गप्प. दामिनीनं कोपऱ्यात वरचं टिंब काढलं आणि वाट पाहिली. सुकलूनं तिसऱ्यांदा सब्बल उचलली तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “चांगलं तर आहे, सुकलूभाऊ. किती साफ बोलते.”

सुकलूनं तिच्याकडं पाहिलं. टोपीच्या दिव्यामुळं त्याचा चेहरा तिला दिसला नाही. त्यानं तळवा काढला, म्हणाला, हो, चांगलं आहे. आणि मागच्यांची वाट न पाहता सब्बल घेऊन दोन पावलं पुढं गेला.

शिळा पडली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. घरात कणगी कलंडावी तसा झाला. धूळ बसल्यावर दिसलं की सुकलूचा डावा पाय घोट्यापासून शिळेखाली आहे आणि लटारूभाऊ लाकूड टाकून त्याच्याजवळ कधीच पोचला आहे.

चंद्रपूरच्या दवाखान्यात सुकलूचा पाय घोट्यावरून कापला.

दोन दिवसांत घुग्घुसच्या चहाटपऱ्यांवर एकच बोलणं सुरू झालं. बाई खाली गेली म्हणून छत खाली आलं. ज्या खाणीत बापजाद्यांनी कधी बाईची सावली पडू दिली नाही, तिथं ह्या मॅडम वही घेऊन हिंडत होत्या, मग दुसरं काय होणार? दामिनीच्या कानावर ते आलं. बोलणाऱ्यांचं म्हणणं अडाणीपणाचं होतं, पण बाई बोलली आणि माणूस पुढं गेला, हे तर खरंच होतं. ती आता खरं सांगती तर त्या अडाणीपणालाच पुरावा मिळाला असता.

तिसऱ्या दिवशी लटारूभाऊला कागद मिळाला. छत तपासल्याशिवाय नव्या कामगाराला पुढं जाऊ दिलं, असा आरोप होता. चौकशी लावली होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती त्याची. आरोप सिद्ध झाला तर नोकरीतून काढणार होते.

दामिनीनं वही उघडून पाहिली. छत्तिसाव्या दिवसाच्या ओळीत लिहिलं होतं: सुकलू, चांगलं. मुखरूचा रकाना कोरा, लटारूभाऊचा कोरा. आपण काय बोललो ते कुठंच नव्हतं. स्वतःसाठी तिनं रकानाच आखला नव्हता. कोपऱ्यात पेन्सिलीचं एक टिंब होतं, ते तिलाच वाचता येत होतं.

सुरेंद्र सरांना तिनं सगळं सांगितलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे समजावलं. अभ्यास करणारा प्रसंगात नसतो, तो बाहेर असतो. वहीत जे आहे तेच खरं धरायचं. तू बोललीस हे उघड झालं तर परवानगीची अट मोडली असं होईल, खाण आपली सगळी माहिती परत मागेल, पदवी जाईल आणि जूनमध्ये आदेश निघणार नाही. शिवाय खाणीनं तुला साक्षीला बोलावलंय ते नुसती औपचारिकता म्हणून. मी लिहीत होते, ध्यान नव्हतं, एवढं म्हण आणि ये.

ती दवाखान्यात गेली. सुकलू भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याची बायको मंगली उशाशी बसून संत्रं सोलत होती. दामिनीनं विचारलं, त्या दिवशी तुम्ही तिसऱ्यांदा सब्बल काऊन उचलली? तो भिंतीकडंच पाहत म्हणाला, “माह्या हाताले कळलं होतं बाई. थरथर लागली होती. पण तुमी शिकलेल्या.”

मंगलीनं संत्र्याची फोड दामिनीच्या हातात ठेवली. कोणी दवाखान्यात भेटायला आलं की काही तरी हातावर ठेवायचं, तेवढ्याच सरळपणानं. ती फोड दामिनीनं बाहेर येईपर्यंत मुठीत धरून ठेवली होती.

मग ती लटारूभाऊच्या क्वार्टरवर गेली. त्याला सगळं ठाऊक होतं, हे तिला ठाऊक होतं. खाणीत वीस पावलांवरून बाईचा आवाज ऐकू आल्याशिवाय राहत नाही. तिला वाटत होतं, तो काही तरी म्हणेल. सांग म्हणेल किंवा सांगू नको म्हणेल. शिव्या दिल्या असत्या तरी तिला हलकं वाटलं असतं. लटारूभाऊनं खाटेवर जागा करून दिली. त्याची बायको सोनीबाई चहा घेऊन आली. तो अंगणातल्या वांग्यांबद्दल बोलला. साक्षरतेच्या वर्गात पन्नासाव्या वर्षी आपण अक्षरं कशी शिकलो, आपला शिक्षक सातवीतला नातू कसा होता आणि पट्टीनं कसा मारायचा, ते सांगितलं. सोनीबाई म्हणाली, “अजूनबी ‘ळ’ काढताना घाम फुटते याईले.” तो हसला. चौकशीचा शब्द काढला नाही. दामिनी तासभर बसली, चहा संपवला आणि परत आली. वाटेत ट्रकांच्या धुळीत बस थांबली होती तेव्हा तिला त्याचा राग आला. आपल्या माथी सगळं ठेवून हा माणूस वांगी दाखवतो, असं तिला वाटलं.

चौकशी खाणीच्या कचेरीत झाली. लांब टेबल, त्यामागं चौकशी अधिकारी, बाजूला लिहून घेणारा, युनियनचा एक माणूस. समोर लटारूभाऊ, मुखरू आणि एका टोकाला दामिनी. सुकलूचा जबाब दवाखान्यातून आधीच आला होता. आपल्याला काही आठवत नाही, असं त्यानं लिहून दिलं होतं. अधिकाऱ्यानं तो वाचून दाखवला आणि सेवेच्या क्रमानं सुरुवात करू म्हणाला. आधी लटारू.

लटारूभाऊ उठला. टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, “साहेब, आमच्या इथी आधी नवा बोलते.”

अधिकारी थोडा वैतागला. नवा माणूस दवाखान्यात आहे, त्याचं झालं, असं म्हणाला. लटारूभाऊ बसला नाही आणि पुढं काही बोललाही नाही. त्यानं दामिनीकडं पाहिलं नाही. सब्बल टेकून उभा राहायचा तसाच उभा राहिला, फक्त हातात सब्बल नव्हती.

दामिनीला ती शांतता ओळखीची होती. छत्तीस दिवस ती तिनं घड्याळ लावून मोजली होती. सुकलू बोलेपर्यंत कधी दहा सेकंद, कधी चाळीस. आज त्या खोलीत टोळीतली सगळ्यात नवी कोण, हे तिला कळलं. आणि लटारूभाऊ वांग्यांबद्दल का बोलला होता, तेही कळलं.

ती उठली. तिनं तळवा टेबलावर टेकवला.

“सुकलूभाऊच्या आधी मी बोलले, साहेब,” ती म्हणाली. “छत चांगलं आहे असं मी म्हटलं. त्याच्या हाताला वाईट लागत होतं. माझं ऐकून तो पुढं गेला.”

अधिकाऱ्यानं चष्मा काढला. म्हणाला, तुम्ही कामगार नाही, मॅडम, तुमचा निकाल धरायचं कारण काय? ती म्हणाली, धरायला नकोच होता. पण मी शिकलेली आहे म्हणून त्यानं धरला. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, हे लिहू का? अधिकारी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, लिहा. आणि वही टेबलावर ठेवून तिनं ते टिंब दाखवलं.

मग मुखरू बोलला. त्याला फारसं माहीत नव्हतं. आणि शेवटी लटारूभाऊ.

सगळ्यांना वाटलं, आता हा सुटला, दोन शब्दांत हो म्हणेल आणि घरी जाईल. तो म्हणाला, “बाईचं बोलणं मी मांगून आयकलं. रीत मोडली, तवाच मी आरडून सगळ्याईले थांबवाले पायजे होतं. शिकलेल्या बाईले टोकावं कसं, म्हणून मी गप रायलो. तेवढ्यात तो पुढं गेला. टोळी माही होती, साहेब.”

युनियनच्या माणसानं कपाळावर हात मारला.

निकाल महिन्याभरानं आला. लटारूभाऊची नोकरी राहिली, पण टोळी गेली. छताच्या कामावरून काढून त्याला वर दिव्यांच्या खोलीत बसवलं. उरलेली दोन वर्षं तो पाळीला जाणाऱ्यांना दिवे देत होता आणि परत आलेले मोजून घेत होता. दामिनीची परवानगी रद्द झाली. सुरेंद्र सरांनी आपलं नाव काढून घेतलं, पत्रात मात्र शुभेच्छा लिहिल्या. जूनमध्ये आदेश निघाला नाही. सुकलूला वजनकाट्यावर बसून करायचं काम मिळालं, आणि टपऱ्यांवर लोक म्हणाले, पाहा, आम्ही म्हटलंच होतं, बाईमुळंच झालं. ते दामिनीला ऐकून घ्यावं लागलं.

पुढं सात वर्षांनी, गडचिरोलीच्या एका लहान कॉलेजात शिकवत असताना, दुसऱ्या मार्गदर्शकाकडं तिची पदवी झाली. प्रबंधात छत्तिसाव्या दिवसाचं प्रकरण सगळ्यात लांब आहे. तोंडी परीक्षेत एका परीक्षकानं ते गाळायला सुचवलं होतं, आणि तिनं नाही म्हटलं. पण ते फार पुढचं.

त्या जूनमध्ये चंद्रपूरची खोली रिकामी करून मूलला जायच्या आदल्या दिवशी ती लटारूभाऊकडं गेली. तो पाळी करून आला होता, हाताला दिव्यांच्या बॅटऱ्यांतल्या तेजाबाचा वास होता. तिनं विचारलं, “मी घरी आली होती तवा तुमी काऊन काहीच नाई म्हटलं, लटारूभाऊ? एक शब्द बोलले असते तं माहे पंधरा दिवस सुखाचे गेले असते.”

“मी बोललो असतो,” तो म्हणाला, “तं तुमी मान हलवली असती.”

मग पिशवीतून वही काढून तिनं त्या दिवसाचं पान उघडलं. सगळ्या रकान्यांच्या आधी, समासाच्या जागेत, पट्टी नसल्यानं वाकडीतिकडी एक रेघ ओढली आणि लिहिलं: दामिनी, चांगलं. वही त्याच्यापुढं केली. लटारूभाऊनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचत ओळ पार केली. दामिनी. सुकलू. मुखरूचा कोरा. आपल्या कोऱ्या रकान्यावर बोट थांबवलं आणि पेन्सिल मागितली.

सोनीबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं मागून दामिनीला हातानं खूण केली, बोलू नका, बोललं का त्याची अक्षरं चुकतात. दोघी थांबल्या. लटारूभाऊनं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, मान खाली घातली आणि रकान्याच्या बाहेर जाणार नाही अशा बेतानं लिहिलं:

ठोकलं नाही.

‘ळ’ नव्हता त्यात. तरी घाम आला होता त्याला.